महासाथीचा फ्लू: कितव्या दिवशी काय करायचे

प्रश्न असा आहे: एच१एन१सारख्या महासाथीच्या फ्लूची लागण झाली तर ती नेहमीच्या फ्लूपेक्षा वेगळी कशी, तपासणी आणि ऑसेल्टामिविर (फ्लूचे विषाणूविरोधी औषध) कधी, घरी कुठवर थांबायचे आणि रुग्णालय कधी गाठायचे?

सगळ्यात आधी एक काम करा. पहिले लक्षण कोणत्या दिवशी आणि साधारण किती वाजता सुरू झाले ते कागदावर लिहून ठेवा. फ्लूमधले बहुतेक निर्णय याच नोंदीवर ठरतात. पहिले ४८ तास विषाणूविरोधी औषधाचे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी विषाणूमुळेच फुप्फुसे बिघडण्याची भीती. आणि बरे वाटू लागल्यावर, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, जिवाणूंचा न्यूमोनिया डोके वर काढतो. 'दोन-तीन दिवस झाले असतील' हे उत्तर डॉक्टरांनी चालवून घेऊ नये. 'काल दुपारी जेवून उठलो आणि थंडी भरली' असे उत्तर निघेपर्यंत विचारावे. फ्लूमध्ये ते निघतेही, कारण सर्दी-पडसे हळूहळू चढते आणि फ्लू एकदम आदळतो. काही तासांत ताप, कणकण, डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखे दुखणे आणि कोरडा खोकला. नाक गळणे त्यामानाने किरकोळ. २००९ च्या एच१एन१ साथीत उलट्या आणि जुलाबही बऱ्याच जणांना झाले, मुलांना अधिक. वृद्धांमध्ये मात्र ताप नसतोही; नुसती ग्लानी, जेवण तुटणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे एवढ्यावरूनच ओळखावे लागते.

नवे काय असते

इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर तयार होणाऱ्या नव्या विषाणूंमध्ये या तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ चा एच१एन१ असाच जमून आला: डुकरांमधले दोन वेगळे वंश, पक्ष्यांचे काही तुकडे आणि माणसाच्या एच३एन२ मधला एक. विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन बहुतेकांच्या प्रतिकारशक्तीला अनोळखी असणे ही महासाथीची पहिली अट. माणसाकडून माणसाकडे सहज आणि टिकून पसरणे ही दुसरी. पक्ष्यांच्या फ्लूच्या एच५एन१ ने १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना गाठले, त्यांतले ६ दगावले, पण दुसरी अट त्याने पुरी केली नाही. त्यामुळे तो अत्यंत घातक असूनही महासाथ ठरला नाही. उलट २००९ चा विषाणू बहुतेकांना सौम्य गेला, तरी ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला महासाथ घोषित केले. महासाथ हा शब्द प्रसाराबद्दल बोलतो, आजार किती तीव्र आहे याबद्दल नाही. या एका गैरसमजामुळे तेव्हा आधी घबराट झाली आणि मग बेफिकिरी आली.

फरक सर्वांत ठळक दिसतो तो वयात. नेहमीच्या हंगामी फ्लूचे मृत्यू मुख्यतः ६५ वर्षांपुढचे. १९१८ च्या एच१एन१ ने २० ते ४० वयाचे धडधाकट लोक नेले. जगभरात किमान ५ कोटी मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. १९५७ (एच२एन२) आणि १९६८ (एच३एन२) या साथींत प्रत्येकी सुमारे १० लाख. २००९ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू १८ हजारांच्या वर होते, पण नंतरच्या अंदाजानुसार पहिल्या वर्षातला खरा आकडा दीड लाख ते पावणेसहा लाखांच्या दरम्यान असावा, आणि त्यांतले सुमारे ८० टक्के ६५ पेक्षा कमी वयाचे. म्हाताऱ्यांना तेव्हा थोडे संरक्षण होते, कारण १९५७ पूर्वी जन्मलेल्यांनी लहानपणी एच१एन१ चेच जुने भाऊबंद पाहिलेले होते. म्हणून नव्या साथीत 'तरुण आहे, निभावून जाईल' हा अंदाज पहिल्या काही आठवड्यांत बांधूच नये. कोणते वय कोलमडते ते साथच दाखवते.

प्रसाराचेही गणित समजून घ्या. मागच्या महासाथींमध्ये एक रुग्ण सरासरी दीड ते दोन जणांना लागण करत होता. गोवराच्या तुलनेत हे फारच कमी. पण एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचा काळ अवघा तीन दिवसांचा, त्यामुळे संख्या भराभर वाढते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस, बहुतेकदा २. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून विषाणू बाहेर पडू लागतो, पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि प्रौढांत ५ ते ७ दिवसांत ओसरते. लहान मुले १० दिवस किंवा जास्तही विषाणू सोडतात, प्रतिकारशक्ती दुबळी असलेले रुग्ण कित्येक आठवडे. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते: रुग्णाला वेगळे ठेवायचे तर ते पहिल्याच दिवशी. अहवाल येईपर्यंत घरभर वावरू दिले तर निम्म्याहून अधिक विषाणू वाटून झालेला असतो.

शरीरात काय घडते

माणसाचा फ्लू नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या पेशींवरच्या एका विशिष्ट प्रकारच्या सियालिक आम्लाला (पेशीवरच्या साखरेसारख्या रेणूला) चिकटतो. पक्ष्यांच्या फ्लूला ज्या जोडणीचे सियालिक आम्ल लागते ते आपल्याकडे मुख्यतः फुप्फुसांच्या खोल भागात आणि डोळ्याच्या आवरणावर असते. म्हणून पक्ष्यांचा विषाणू माणसात सहज पसरत नाही, पण खोलवर पोहोचला तर थेट फुप्फुसांतच आग लावतो. आणि म्हणूनच त्याच्या लागणीत काही वेळा फक्त डोळे लाल होतात. २००९ चा एच१एन१ वरच्या मार्गात राहणारा, तरीही हंगामी फ्लूपेक्षा खाली उतरण्याची त्याची क्षमता जास्त होती.

विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलले जाते. त्यावरचे सूक्ष्म केस कफ वर ढकलण्याचे काम थांबवतात, आणि घशात आधीपासून शांतपणे राहणाऱ्या जिवाणूंना खाली जायला वाट मोकळी होते. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस हे तीन नेहमीचे. १९१८ च्या जतन केलेल्या फुप्फुसांच्या ऊतींच्या तपासणीतही बहुतेक मृत्यूंमागे असा जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. विषाणू केवळ छातीपुरता राहतो असेही नाही. मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ती चालायला नकार देतात, हृदयाच्या स्नायूला सूज येते, आकडी येते. फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे सहापट असतो. फ्लूच्या रुग्णाची छाती दुखली की ती खोकल्यामुळेच, असे परस्पर ठरवू नका, ईसीजी काढा.

तपासणी, आणि तिची वाट का पाहू नये

झटपट अँटिजेन तपासणी १५ मिनिटांत होते, पण फ्लू असलेल्या दहांपैकी तीन ते पाच जणांना ती नकारात्मक दाखवते. होकारार्थी आली तर साथीच्या काळात भरवसा ठेवावा. नकारात्मक आली म्हणून औषध थांबवू नये. खरी तपासणी आरटी-पीसीआर. नमुना चांगला नसेल तर तीही काही सांगत नाही, आणि चूक बहुतेकदा इथेच होते. स्वॅब नाकपुडीच्या टोकाशी फिरवून काढलेला असतो. तो टाळूला समांतर, कानाच्या दिशेने सरळ मागे न्यायचा, अडला की काही सेकंद तिथेच फिरवायचा आणि हळू बाहेर काढायचा. कृत्रिम धाग्याचा आणि प्लास्टिकच्या दांडीचाच स्वॅब वापरा. कापूस, लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेट असेल तर पीसीआरमध्ये अडथळा येतो. नमुना लगेच विषाणू-वाहक द्रवात बुडवायचा, २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचा आणि ७२ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणे सगळ्यात वाईट: गोठणे-वितळणे चालूच राहते आणि विषाणूचे आरएनए तुटते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा नाकातला नमुना नकारात्मक येऊ शकतो, कारण विषाणू तोवर खाली उतरलेला असतो. तिथे श्वासनळीतून ओढलेला द्रव पाठवावा. अहवालात 'इन्फ्लुएन्झा ए होकारार्थी' पण एच१ आणि एच३ (माणसांत नेहमी फिरणारे दोन प्रकार) दोन्ही नकारात्मक असे आले, तर विषाणूचे प्रमाण कमी असेल किंवा विषाणू नवीन असेल. ही शक्यता प्रयोगशाळेने त्याच दिवशी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवायची असते. अशा वेळी एक प्रश्न सोन्याच्या मोलाचा: गेल्या १० दिवसांत आजारी किंवा मेलेले पक्षी, डुकरे, दुभती जनावरे, कच्चे दूध यांच्याशी संबंध आला होता का? २०२४ मध्ये अमेरिकेत एच५एन१ दुभत्या गायींमध्ये पसरला आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना मुख्यतः डोळे येण्याचा त्रास झाला. अशा रुग्णाचा डोळ्याचाही स्वॅब घ्यावा, नाकाचा आणि घशाचा तर घ्यावाच.

घरीच राहू शकणाऱ्या, कोणताही जोखमीचा आजार नसलेल्या माणसाला साथ ऐन भरात असताना तपासणीची गरज सहसा नसते. तिथे लक्षणांवरून केलेले निदान पुरेसे आहे.

औषध

कोणाला लगेच सुरू करायचे? रुग्णालयात दाखल होणारा प्रत्येकजण, धाप लागलेला किंवा झपाट्याने बिघडणारा प्रत्येकजण, आणि लक्षणे सौम्य असली तरी जोखमीच्या गटातले सगळे. म्हणजे गर्भवती आणि बाळंत होऊन दोन आठवडे न झालेल्या स्त्रिया, ५ वर्षांखालची मुले (त्यातही २ वर्षांखालची), ६५ वर्षांवरचे, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, हृदयरोग, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार, मज्जासंस्थेचे आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि अतिस्थूलता. शेवटचा धोका २००९ मध्येच पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला. गर्भवतींबद्दल अजिबात ढिलाई नको: अमेरिकेत २००९ च्या साथीतल्या मृत्यूंपैकी सुमारे ५ टक्के गर्भवती होत्या, आणि लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का. गर्भावर परिणाम होईल या भीतीने ऑसेल्टामिविर टाळणे हा चुकीचा सौदा आहे. गर्भारपणात पसंतीचे औषध तेच.

प्रौढांना ऑसेल्टामिविर ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस. एक वर्षावरच्या मुलांना वजनावर: १५ किलोपर्यंत ३० मिग्रॅ, १५ ते २३ किलो ४५, २३ ते ४० किलो ६०, त्यापुढे ७५; सगळे दिवसातून दोनदा. एक वर्षाखालच्या, पूर्ण दिवसांच्या बाळाला दर वेळी किलोमागे ३ मिग्रॅ, पण ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. सिरपमध्ये चूक सर्रास होते. प्रति मिलिलिटर ६ मिग्रॅ आणि १२ मिग्रॅ अशा दोन्ही तीव्रतांच्या बाटल्या वापरात आलेल्या आहेत, आणि चिठ्ठीवर मिलिग्रॅम व मोजपट्टीवर मिलिलिटर असले की डोस दुप्पट किंवा निम्मा जातो. ६ मिग्रॅच्या सिरपमध्ये ३० मिग्रॅ म्हणजे ५ मिलि, ४५ म्हणजे साडेसात, ६० म्हणजे १०. चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा. ६ मिग्रॅची पावडर पाण्यात कालवल्यावर फ्रीजमध्ये १७ दिवस, बाहेर २५ अंशांपर्यंत १० दिवस टिकते. सिरप मिळत नसेल तर कॅप्सूल उघडून पावडर दाट गोड पाकात मिसळता येते. ती कडू असते, त्यामुळे साध्या पाण्यात मूल थुंकून टाकते.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला मिलि) ३० ते ६० असेल तर ३० मिग्रॅ दोनदा, १० ते ३० असेल तर ३० मिग्रॅ एकदा. मळमळ आणि उलटी हा मुख्य त्रास; जेवणाबरोबर घेतले की तो कमी होतो. किशोरवयीन मुलांमध्ये क्वचित विचित्र वागणे, भास होणे आढळले आहे. फ्लूनेही तसे होते, त्यामुळे दोष औषधाचा की आजाराचा हे सांगता येत नाही, पण पहिले दोन दिवस मुलाला एकटे सोडू नये.

आता ४८ तासांचा मुद्दा. निरोगी माणसात वेळेत घेतलेले ऑसेल्टामिविर आजार साधारण एक दिवसाने कमी करते, इतकेच. त्यापुढचा दावा कोणी केला तर कानाआड करा. गंभीर रुग्णात मात्र हिशोब बदलतो: २००९ च्या विषाणूमुळे दाखल झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित माहितीत, दोन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होता. ही माहिती निरीक्षणातून आलेली आहे, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतून नाही. तरी तेवढ्यावर वागायला ती पुरेशी आहे. आणि ४८ तास उलटले म्हणून दाखल रुग्णाला औषध नाकारणे ही तर घोडचूक. खोल फुप्फुसांत विषाणू वाढतच असतो, तोवर औषधाला काम आहे. डोस दुप्पट करून जास्त फायदा होत नाही हेही पाहिले गेले आहे.

पर्याय तीन. झानामिविर श्वासावाटे ओढायची पावडर, १० मिग्रॅ दोनदा. दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर श्वासनलिका आवळतात, म्हणून नको. आणि ती पावडर पाण्यात कालवून नेब्युलायझरमध्ये कधीही घालू नये, त्यातल्या लॅक्टोजने व्हेंटिलेटर तुंबतो. पेरामिविर ६०० मिग्रॅ शिरेतून एकदा, पोट औषध घेत नसेल तेव्हा. बॅलॉक्सव्हिर एकच डोस: ८० किलोंपेक्षा कमी वजनाला ४० मिग्रॅ, त्यापुढे ८० मिग्रॅ, दूध, दही, कॅल्शियम किंवा अँटासिडबरोबर घेतले तर शोषण घटते. गर्भवतींना ते देत नाहीत. अमँटाडिन विसरा, सध्या फिरणारे विषाणू त्याला दाद देत नाहीत. ऑसेल्टामिविरलाही एच२७५वाय नावाच्या जनुकीय बदलाने विषाणू दाद देईनासा होतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात पाच-सात दिवसांनंतरही विषाणू सापडत राहिला तर ही शंका घ्या. झानामिविर बहुतेकदा तिथे चालते.

घरी असताना

तापाला पॅरासिटामॉल. प्रौढांना ५०० ते १००० मिग्रॅ, दोन डोसांत निदान ४ ते ६ तासांचे अंतर, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. मुलांना किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही घेतल्या की नकळत दुप्पट जाते आणि यकृत त्याची किंमत मोजते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ॲस्पिरिन कोणत्याही रूपात नको: फ्लूबरोबर ते रे सिंड्रोम घडवू शकते, त्यात यकृत आणि मेंदू सुजतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

दिवसातून तीनदा तीन गोष्टी लिहा: ताप, मिनिटाला श्वास, ऑक्सिजन. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, पूर्ण ६० सेकंद मोजा. २ महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा अधिक, वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद. प्रौढांत २४ च्या वर गेले की सावध, ३० च्या वर म्हणजे गंभीर. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात गरम करा, नखांचा रंग काढा, आकडा स्थिर व्हायला निदान अर्धा मिनिट द्या. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, त्यामुळे ९४-९५ वर निर्धास्त होऊ नका. बसल्या जागी ९४ च्या खाली, किंवा खोलीतल्या खोलीत काही मिनिटे चालल्यावर ३ टक्क्यांहून जास्त घसरण, म्हणजे रुग्णालय.

याशिवाय थेट निघायचे ते या खुणांवर: बोलताना वाक्य पुरे न होणारी धाप, छातीत दुखणे किंवा दडपण, ओठ निळसर, थुंकीत रक्त, गोंधळलेले बोलणे किंवा जागे न होणे, आकडी, बारा तासांत लघवी न होणे. मुलांत बरगड्या आत ओढल्या जाणे, नाकपुड्या फुलणे, दूध किंवा पाणी न घेणे, आणि ताप उतरल्यावरही न खेळणे. शेवटची खूण आईवडील अचूक टिपतात. डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे पाचवा-सहावा दिवस. ताप उतरलेला, माणूस उठून बसलेला, आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, खोकल्याला पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला कफ येतो. लोक याला 'फ्लू उलटला' म्हणून अंगावर काढतात. हा जिवाणूंचा न्यूमोनिया मानून त्याच दिवशी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी व्हायला हवी. निव्वळ फ्लूत पांढऱ्या पेशी नेहमीइतक्या किंवा कमी असतात. त्या चढल्या आणि एक्स-रेत एकाच भागात घट्ट पांढरेपणा दिसला तर जिवाणूंची बाजू वरचढ. स्टॅफिलोकोकस असेल तर रक्तदाब काही तासांत कोसळतो, त्यामुळे अशा रुग्णाला पहिल्याच अँटिबायोटिकमध्ये एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) सांभाळणारे औषध, म्हणजे व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड, जोडावे लागते.

रुग्णालयात काय बिघडते

२००९ मध्ये गंभीर रुग्ण बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ढासळत, आणि कित्येकांना २४ तासांच्या आत अतिदक्षता विभाग लागे. म्हणून तिसऱ्या दिवशी धाप घेऊन आलेल्याला 'उद्या बघू' म्हणून परत पाठवू नये. ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्क्यांदरम्यान राखावा, गर्भवतीला ९५ च्या खाली जाऊ देऊ नये, सीओपीडीच्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरे.

स्टिरॉइड हा वादाचा विषय, पण माझे मत स्पष्ट आहे: फ्लूच्या न्यूमोनियासाठी म्हणून देऊ नये. विषाणू जास्त दिवस टिकतो, वरून जिवाणूंचा किंवा ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा सल्लाही गंभीर फ्लूत ते न देण्याकडेच झुकतो. कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा उपयोग झाला, म्हणून इथेही होईल हे गृहीत धरणे चुकीचे. दम्याचा झटका किंवा औषधांना दाद न देणारा सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणे) असेल तर त्या कारणासाठी द्यावे.

व्हेंटिलेटरवर श्वासाचे आकारमान किलोमागे ६ मिलि, पण ते किलो उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन सुमारे ५७ किलो, म्हणजे एका श्वासाला साधारण ३४० मिलि, मग तिचे खरे वजन ११० असो. अतिस्थूल रुग्ण या आजारात जास्त असतात, आणि खऱ्या वजनावर हिशोब केला की फुप्फुसे ताणून फाटतात. पठार दाब (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावरचा फुप्फुसांतला दाब) ३० सेंटिमीटर पाण्याच्या खाली, गरज पडल्यास दिवसातले १२ ते १६ तास पालथे झोपवणे, आणि शॉक सावरल्यावर सलाइनवर हात आखडता.

घरातल्या इतरांसाठी

रुग्णाला वेगळी खोली, खिडकी उघडी, दार बंद. खोलीबाहेर येताना त्याच्या तोंडावर मास्क. सेवा करणाऱ्या एकाच माणसाने एन९५ नीट बसवून घालावा, दाढी असेल तर तो बसतच नाही. औषधाशिवाय ताप जाऊन २४ तास होईपर्यंत घरातून बाहेर पडू नये. कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर विषाणू २४ ते ४८ तास टिकतो, कापड-कागदावर ८ ते १२ तास. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग ०.१ टक्के हायपोक्लोराइट लावून १० मिनिटे ओले ठेवा. ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिलि आणि पाणी ९८० मिलि असे मिश्रण त्यासाठी रोज ताजे करावे. ब्लीच आम्ल किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. मळ न काढता नुसते शिंपडले तर क्लोरीन मळावरच खर्च होतो.

स्तनपान थांबवू नये. विषाणू दुधातून जात नाही, आणि आई ऑसेल्टामिविर घेत असली तरी चालते. पाजताना मास्क आणि त्याआधी हात धुणे एवढे पुरे.

संपर्कात आलेल्या सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या वाटायची गरज नाही. घरात जोखमीचा माणूस असेल आणि संपर्काला ४८ तास झाले नसतील तर ७५ मिग्रॅ दिवसातून एकदा, शेवटच्या संपर्कानंतर ७ दिवस. लक्षणे सुरू झाली तर तोच डोस चालू ठेवू नये. लगेच दिवसातून दोनदा करावा, नाहीतर कमी मात्रेत विषाणू औषधाला सरावतो. पक्ष्यांच्या एच५एन१ शी संपर्क आला असेल तर प्रतिबंधासाठीही अनेक मार्गदर्शक तत्त्वे दिवसातून दोनदाच सांगतात.

लस

नव्या विषाणूची लस यायला पाच-सहा महिने लागतात. २००९ चा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला, लशींना मान्यता सप्टेंबरपासून मिळाली आणि पुरेसा साठा येईतो कित्येक ठिकाणी दुसरी लाट ओसरू लागली होती. पहिल्या लाटेत लशीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. विलगीकरण, हवा आणि वेळेवर औषध यांवरच ती काढावी लागते. लस आल्यावर प्रौढांना एकच १५ मायक्रोग्रॅमचा डोस पुरला, कारण एच१ ची जुनी ओळख शरीरात होती. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागले. एच५एन१ ची गोष्ट वेगळी: प्रवर्धकाशिवाय (लशीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकाशिवाय) ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस देऊनही निम्म्याच्या आसपासच लोकांत पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली. म्हणून त्या लशींत तेलाचे प्रवर्धक घालतात.

दुष्परिणामांबाबत लपवाछपवी नको. १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लशीनंतर दर लाख लोकांत गिलाँ-बारेचा (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साधारण एक जादा रुग्ण आढळला, आणि २००९ मध्ये युरोपात पँडेमरिक्स ही लस घेतलेल्या मुलांत व तरुणांत नार्कोलेप्सीचे (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचे) प्रमाण वाढले. दोन्ही गोष्टी लसीकरणानंतरच्या देखरेखीमुळेच पुढे आल्या.

लशीचे संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उलटणाऱ्या त्या न्यूमोनियापैकी एक मोठा वाटा न्यूमोकोकसचा असल्याने जोखमीच्या लोकांनी त्याचीही लस साथीची वाट न पाहता घेऊन ठेवावी. ती फ्लूच्या लशीच्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते.